सुकांतीबाईंची दहा नखं

साखळीत, हार्डवेअरच्या दुकानावर
माझी खोली: एक टेबल, एक दिवा, ड्रिलची बारीक घरघर.
बाजाराच्या दिवशी वर कुणी फिरकत नाही.
त्या दिवशी सुकांती गावस आल्या,
चपला जिन्यातच काढून.

हात टेबलावर ठेवायला त्यांनी वेळ लावला.
मी पुष्कळ हात पाहिलेत, बोलत नाही.
टोकांना काळं, पेरांत काळं,
नखांच्या कडांतून आत उतरलेलं.
एकतीस वर्षं काजूच्या कारखान्यात.
भाजलेली बी फोडायची, गर अख्खा काढायचा,
तुकडा पडला की पैसे कमी.
"चेडवाचं लग्न आहे," म्हणाल्या. "फोटोत हात येतात."

अॅक्रिलिक लावलं, कांद्याच्या सालीच्या रंगाचं.
लांब नको म्हणाल्या, भात कालवता आला पाहिजे.

मग नेहमीचं सांगितलं, कॉलेजच्या पोरींना सांगते तेच:
नख म्हणजे हत्यार नव्हे.
डब्याचं झाकण चमच्याने उघडा, लेबल पाण्याने सोडवा.
भांड्यांना हातमोजे.
कड सुटली तर ओढू नका, दातांनी तर नाहीच,
घरातला गोंद लावू नका,
खाली पाणी राहिलं की हिरवा डाग धरतो.
रात्री मुळाशी तेलाचा थेंब, चोळून.
तीन आठवड्यांनी भरायला या.

"तेल?" त्या हसल्या.
"तेल आणि राख. रोज, कामाला बसायच्या आधी.
नाहीतर सालातला डीक कातडी सोलून काढतो.
हातमोजेपण दिलेले एकदा.
त्यात बी कळत नाही हो बोटांना."

मी दिव्याची मान उगाच खाली केली.

तीन आठवड्यांनी आल्या. दहाच्या दहा जाग्यावर.
पोरींची चार-चार गळतात,
बँकेतल्या बाईंचं तर आठवड्यातच अंगठ्याचं जातं.
"नारळ खवला नाही," म्हणाल्या.
"पाचशे माणूस जेवलं, आणि मी नारळ खवला नाही.
जावा खवत होत्या, मी खुर्चीत,
हात मांडीवर. पाहुणी आल्यासारखी."

मुळाशी फट पडलेली, दोनेक मिलिमीटर.
ती फट दिसू न देणं, हाच माझा धंदा.
मी ड्रिल उचललं.
त्यांनी हात मागे घेतला.

"हे खालचं कुणाचं?"
"तुमचंच. नवीन आलेलं."
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
कारखान्याला कुलूप लागलं शिगम्याआधी.
"गुलाबी आहे," म्हणाल्या. आणि मग, बऱ्याच वेळाने,
"भरू नका."

मी समजावलं. नाही भरलं तर भार पुढे सरकतो,
कुठे आपटलं तर आपलं नखही सोबत घेऊन तुटतं.
"मग काढा."

वरचा थर कानशीने घासला,
अॅसिटोनचा कापूस, वरून चंदेरी कागद, दहा टोप्या.
वीस मिनिटं. घाई करायची नाही,
उचकटलं तर खालचं पापुद्र्यासारखं निघतं.
चहा आला. त्यांना कप धरता येईना.
मी धरला. बशीतून नको म्हणाल्या, कपानेच घोटघोट प्यायल्या,
दर घोटाला माझ्याकडे बघत,
लाजत थोड्या.

खाली काळं होतंच, टोकाकडचं.
कुठे जाणार होतं इतक्यात.
मुळाशी तेवढी चंद्रकोर, नखाच्या रंगाची.

"टोकापर्यंत यायला चार-पाच महिने," मी म्हटलं.
"तोवर तेल?"
"रोज."
बाटलीचे पैसे मी नको म्हणत होते,
त्यांनी ड्रिलखाली दाबून ठेवले.

जिन्यात चपलेचा पट्टा अडकला.
वाकल्या, आणि अंगठ्याच्या नखाने
बक्कल उचकटलं, खटकन,
एकदाच.